स्टेपनीत हवा आहे ना? लिनक्स सर्व्हरवरची स्पेअर डिस्क आणि ॲरे वाढवण्याची रीत

“नवी डिस्क लावली, कमांड बिनतक्रार चालली, पण जागा एक जीबीनंही वाढली नाही.” सर्व्हर सांभाळायला नुकतीच सुरुवात केलेल्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार हीच. डिस्क खराब नसते आणि कमांडही बरोबर असते. ॲरेला, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेल्या एका साठ्याला, हव्या तेवढ्या डिस्क आधीच जागेवर असतील, तर नंतर आलेली डिस्क स्पेअर म्हणून बाजूला बसते. डिकीत स्टेपनी ठेवली म्हणून गाडी पाच चाकांवर धावायला लागत नाही, तसंच हे. त्या डिस्कला कामाला लावायचं असेल तर वेगळं सांगावं लागतं. स्टेपनी म्हणूनच ठेवायची असेल, तर तिच्यात हवा आहे की नाही हे अधूनमधून पाहावं लागतं. हा लेख या दोन्ही कामांबद्दल आहे.

उदाहरण एकच घेऊन चालू. लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत), प्रत्येकी ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५, वर ईएक्सटी४ फाइलसिस्टीम. वापरायला मिळणारी जागा १२ टीबी, कारण एका डिस्कइतकी जागा पॅरिटीत, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढण्यासाठी लागणाऱ्या माहितीत जाते. ॲरेचं नाव एमडी०, जुन्या डिस्क एसडीबी ते एसडीई, आणि हातात आलेली नवी डिस्क एसडीएफ. हार्डवेअर रेड कार्ड असेल तर पायऱ्यांमागचा विचार तोच, पण कमांडा त्या कार्डाच्या.

आपलं मुख्य हत्यार एमडीॲडम. एम, डी, ए, डी, एम अशी पाच अक्षरं. इथे कमांडा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि रूट अधिकारानं टाइप करायच्या.

आधी ठरवा, पाचवी डिस्क कशासाठी?

तीन वाटा आहेत. डिस्क हॉट स्पेअर (सर्व्हरमध्येच तयार बसलेली बदली डिस्क) म्हणून ठेवायची, रेड ५ मध्येच घालून जागा १६ टीबी करायची, किंवा जागा तेवढीच ठेवून रेड ५ चा रेड ६ करायचा.

एकच ॲरे असेल आणि जागेची तातडी नसेल, तर मी तिसरी वाट धरायला सांगतो. रेड ५ मधली एक डिस्क गेली की हॉट स्पेअरवर रीबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा उभा करणं) आपोआप सुरू होतो खरा, पण त्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगानं भरायची म्हटलं तरी सुमारे साडेसात तास लागतात, आणि लोक काम करत असतील तर त्याहून बरेच जास्त. एवढा वेळ तुमच्याकडे कुठलंच कवच नसतं. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर ॲरे गेला. रेड ६ मध्ये पाचव्या डिस्कइतकी दुसरी पॅरिटी आधीच लिहून तयार असते. वापरायची जागा दोन्हीकडे १२ टीबीच. मग ती डिस्क नुसती फिरत का ठेवायची?

हॉट स्पेअर खरी उपयोगी पडते ती दोन ठिकाणी: एका सर्व्हरवर तीन-चार ॲरे असून सगळ्यांत मिळून एक स्पेअर पुरवायची असेल तर, किंवा सर्व्हर अशा गावी असेल जिथे डिस्क बदलायला माणूस पोहोचायलाच दोन दिवस लागतात. सर्व्हर तुमच्या शेजारच्या खोलीत असेल, तर तपासून कपाटात ठेवलेली डिस्कही पुरते.

पायरी १: बॅकअप, आणि त्यातून एक फाइल परत काढून पाहणं

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी फोल्डर पुसलं किंवा रॅन्समवेअर शिरलं, तर रेड ते पुसणंही सगळ्या डिस्कांवर प्रामाणिकपणे उतरवतो. ॲरेचा आकार बदलताना प्रत्येक डिस्कवरचा डेटा नव्यानं मांडला जातो, म्हणून बॅकअपशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका. बॅकअपमधून दोन-तीन फाइली परत आणून उघडून पाहा.

पायरी २: ॲरेची प्रकृती

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट

या फाइलमध्ये चौकटी कंसात ‘४/४’ आणि त्यापुढे यू हे अक्षर चार वेळा दिसलं, तर चारही डिस्क कामावर आहेत. यूच्या जागी खालची रेघ म्हणजे तिथली डिस्क नाही. डिस्कच्या नावापुढे कंसात एस असेल तर ती स्पेअर, एफ असेल तर बाद झालेली. सविस्तर माहिती हवी तर:

एमडीॲडम --डिटेल /डेव्ह/एमडी०

स्थितीत ‘डिग्रेडेड’ हा शब्द असेल तर जागा वाढवायचा विचार बाजूला ठेवा. आधी दुरुस्ती.

सगळं ठीक दिसलं तरी एकदा पूर्ण तपासणी चालवा. /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी या फोल्डरमधल्या ‘सिंक_ॲक्शन’ फाइलमध्ये ‘चेक’ हा शब्द लिहिला की सगळ्या डिस्क वाचल्या जातात आणि पॅरिटी ताडून पाहिली जाते. संपल्यावर शेजारच्या ‘मिसमॅच_सीएनटी’ फाइलमधला आकडा रेड ५ वर शून्य हवा. डेबियन आणि उबुंटूवर ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप चालते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: या तपासणीत स्पेअर डिस्क वाचली जात नाही. त्याकडे पुढे परत येऊ.

पायरी ३: कुठली डिस्क कुठे आहे

एसडीबी, एसडीसी ही नावं कायमची नसतात. कर्नलला डिस्क ज्या क्रमानं सापडतात त्यावर ती ठरतात आणि रीबूटनंतर बदलूही शकतात. खरी ओळख म्हणजे सीरियल नंबर. ‘एलएसबीएलके’ कमांडला नाव, आकार, मॉडेल आणि सीरियल हे रकाने मागा, आणि प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर, न काढता दिसेल अशा जागी, सीरियलचे शेवटचे चार अंक चिकटपट्टीवर लिहून लावा. हे काम सर्व्हर धडधाकट असतानाच करायचं. एक डिस्क आधीच गेलेल्या रेड ५ मधून चुकून दुसरी, चांगली डिस्क ओढली तर ॲरे तत्क्षणी थांबतो. रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते. चिकटपट्टीला पाच मिनिटं लागतात.

पायरी ४: नवी डिस्क पारखून घेणं

आकार जुन्या डिस्कइतका किंवा मोठा हवा, एका सेक्टरनंही लहान चालत नाही. मोठी घेतली तर वरची जागा सध्या वाया जाईल, एवढंच.

दुसरं पाहायचं ते लिहिण्याचं तंत्र. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक पट्टा बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात, म्हणून सलग भरपूर लिहायची वेळ आली की वेग कोसळतो, आणि रीबिल्ड म्हणजे नेमकं तेच काम. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं आपल्या ‘रेड’ (म्हणजे लाल) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं. नंतर सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या) डिस्कांसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळं नाव आलं. डिस्क घेताना मॉडेल नंबरासमोर ‘सीएमआर’ लिहिलेलं स्वतः वाचा.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर साध्या डेस्कटॉप डिस्क मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ झगडत राहतात. लिनक्स मात्र ३० सेकंद वाट पाहतो आणि डिस्कचा दुवाच रीसेट करतो. एका सेक्टरपायी चांगली डिस्क ॲरेबाहेर फेकली जाते. सर्व्हरच्या किंवा नॅसच्या (नेटवर्कवरच्या साठवण-पेटीच्या) डिस्क सात सेकंदांत हार मानून चूक कळवतात, मग रेड तो सेक्टर पॅरिटीवरून काढून पुन्हा लिहितो. ‘स्मार्टसीटीएल’ कमांडला ‘-एल एससीटीईआरसी’ विचारा. सोय असून बंद असेल तर ७०,७० असं द्या (मोजमाप सेकंदाच्या दहाव्या भागात आहे). सोयच नसेल, तर त्या डिस्कची कर्नलमधली टाइमआउट १८० सेकंद करा. दोन्ही गोष्टी वीज जाऊन आली की विसरल्या जातात, म्हणून सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाका.

आता चाचणी:

स्मार्टसीटीएल -टी लाँग /डेव्ह/एसडीएफ

डिस्क स्वतःच किती मिनिटं लागतील ते सांगते, आणि ४ टीबीला बरेच तास लागतात. संपल्यावर ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी पाहा: बदली दिलेले सेक्टर, वाचता न आल्यामुळे ताटकळलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवेत. एकही आकडा वर असेल तर दुकानदाराकडे परत. नोंद १९९ वाढलेली दिसली तर बहुधा केबलचा दोष असतो, आधी केबल बदला.

पायरी ५: पार्टिशन

जुन्या डिस्कवर पार्टिशन करून ॲरे बांधला असेल तर नव्या डिस्कवरही तसंच करा. ‘एसजीडिस्क’ एका डिस्कचा आराखडा दुसरीवर उतरवतो:

एसजीडिस्क --रेप्लिकेट=/डेव्ह/एसडीएफ /डेव्ह/एसडीबी
एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीएफ

इथे थांबा आणि क्रम पुन्हा वाचा. बरोबरीच्या चिन्हापुढे नवी डिस्क, शेवटी जुनी. उलट लिहिलंत तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा चालू डिस्कवर उतरेल. दुसऱ्या ओळीतलं ‘जी’ रोमन लिपीत मोठं. त्यानं नव्या डिस्कला स्वतःची ओळख-संख्या मिळते.

डिस्क आधी दुसरीकडे वापरलेली असेल तर हे सगळं करण्यापूर्वी ‘वाइपएफएस -ए’ चालवून जुन्या खुणा पुसा.

पायरी ६: डिस्क ॲरेला जोडणं

एमडीॲडम /डेव्ह/एमडी० --ॲड /डेव्ह/एसडीएफ१

एमडीस्टॅट पुन्हा पाहिलंत तर एसडीएफ१ पुढे कंसात एस दिसेल. स्टेपनी डिकीत आली. ॲरे डिग्रेडेड असता तर याच कमांडनं लगेच रीबिल्ड सुरू झाला असता.

डिस्क स्पेअर म्हणूनच ठेवायची असेल तर तुमचं जोडकाम संपलं. सांभाळायचं काम इथून सुरू होतं.

मी सांभाळत असलेल्या एका छोट्या कार्यालयात रेड ५ आणि एक हॉट स्पेअर होती. तीन वर्षं ती डिस्क जागेवर फिरत होती आणि तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. एका रात्री एक डिस्क गेली, रीबिल्ड आपोआप सुरू झाला, आणि दोन तासांनी स्पेअरच लिहायला नकार देऊ लागली. सकाळी मी पोहोचलो तेव्हा ॲरे उरलेल्या डिस्कांच्या आधारावर उभा होता. नवी डिस्क बाजारातून आणून रीबिल्ड संपेपर्यंतची रात्र मी जागून काढली. महिन्याची तपासणी स्पेअरला स्पर्शच करत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून तीन गोष्टी मी प्रत्येक सर्व्हरवर करतो. ‘स्मार्टडी’ या सेवेच्या कॉन्फिगमध्ये स्पेअरसकट सगळ्या डिस्कांची लाँग चाचणी महिन्यातून एकदा लावतो. एमडीॲडमच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मेलॲडर’ या शब्दापुढे रोज पाहिला जाणारा ईमेल पत्ता घालतो. आणि मेल खरंच पोहोचतो का ते पाहतो:

एमडीॲडम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट

हा चाचणी-मेल आला नाही, तर डिस्क गेल्याचा मेलही येणार नाही. त्याच फाइलमध्ये ॲरेच्या ओळीत ‘स्पेअर्स=१’ लिहिलं, की स्पेअर गायब असल्याची सूचनाही मिळते. अनेक ॲरेंना एक स्पेअर पुरवायची असेल तर त्या सगळ्यांच्या ओळींत ‘स्पेअर-ग्रुप=’ पुढे एकच नाव द्या. डिस्क एका ॲरेतून दुसऱ्यात हलवण्याचं काम मॉनिटर करतो, म्हणून मॉनिटर चालू नसेल तर ही सोय नुसती कागदावर राहते.

एखादी डिस्क अजून चालते आहे, पण १९७ चा आकडा वाढतोय, अशा वेळी ती बाद व्हायची वाट पाहू नका:

एमडीॲडम /डेव्ह/एमडी० --रिप्लेस /डेव्ह/एसडीसी१ --विथ /डेव्ह/एसडीएफ१

यात आजारी डिस्क कामावर असतानाच तिची नक्कल स्पेअरवर उतरते आणि कवच एक क्षणही उतरत नाही. नक्कल पुरी झाली की जुनी डिस्क आपोआप बाद ठरते. ‘फेल’ आणि ‘रिमूव्ह’ हा जुना मार्ग फक्त मेलेल्या डिस्कसाठी राखून ठेवावा, असं माझं मत आहे.

पायरी ७: ॲरे वाढवणं

आता जागा वाढवायची असेल तर:

एमडीॲडम --ग्रो /डेव्ह/एमडी० --रेड-डिव्हायसेस=५ --बॅकअप-फाइल=/रूट/एमडी०.बॅक

रीशेप सुरू होतो: चार डिस्कांवर पसरलेला डेटा पाच डिस्कांवर नव्यानं मांडला जातो. अगदी सुरुवातीचे काही पट्टे हलवताना जुनी जागा आणि नवी जागा एकमेकांवर येतात, त्या क्षणांसाठी बॅकअप-फाइल असते. नव्या आवृत्त्यांत ती बऱ्याचदा लागत नाही, तरी मी देतोच. ती फाइल त्याच ॲरेवर ठेवायची नाही, आणि रीबूटला पुसल्या जाणाऱ्या टेंप फोल्डरमध्येही नाही.

वेळ भरपूर लागतो. डिस्कचं डोकं वाचायला एकीकडे आणि लिहायला दुसरीकडे सारखं धावतं, म्हणून रीशेप रीबिल्डहून संथ. ४ टीबीच्या डिस्कांवर एक-दोन दिवस धरून चाला. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करणं उत्तम. दरम्यान ॲरे वापरता येतो, फक्त हळू चालतो. /प्रॉक/सिस/डेव्ह/रेड मधली ‘स्पीड_लिमिट_मिन’ ही संख्या मुळात १००० असते, म्हणजे सर्व्हर कामात असताना सेकंदाला किमान सुमारे १ एमबीची हमी. रात्री ती ५०,००० केली की गती येते. सकाळी लोक यायच्या आत परत खाली आणा.

रीशेप संपेपर्यंत ॲरेचा आकार जुनाच दिसतो. त्यानं गोंधळून जाऊ नका.

वीज गेली तर? रीशेप कुठवर आला याची नोंद डिस्कांवरच्या सुपरब्लॉकमध्ये (ॲरेच्या नोंदींच्या जागेत) असते, त्यामुळे मशीन पुन्हा चालू झाल्यावर काम तिथून पुढे सुरू होतं. तरी यूपीएसची बॅटरी आधी तपासा, आणि पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल तर हे काम पुढे ढकला. ॲरे आपोआप जुळला नाही तर ‘--असेंबल’ कमांडला तीच बॅकअप-फाइल द्या. घाबरून ‘--क्रिएट’ मात्र कधीही चालवू नका. असेंबल जुन्या नोंदी वाचून ॲरे जुळवतो, क्रिएट त्या नोंदींवर नव्या लिहितो. अर्धवट रीशेपवर क्रिएट चालवणं म्हणजे घर बदलताना निम्मं सामान जुन्या घरात असताना दोन्ही घरांचे पत्ते जाळून टाकणं. मधेच एखादी डिस्क गेली तर रेड ५ उरलेल्यांवर रीशेप पुढे नेऊ शकतो. ते संपू द्या, मग डिस्क बदला.

रेड ६ ची वाट धरली असेल तर त्याच कमांडमध्ये ‘--लेव्हल=६’ जोडा. इथे डेटा ठेवणाऱ्या डिस्कांची संख्या तीनच राहते, म्हणून जुनी आणि नवी जागा शेवटपर्यंत एकमेकांवर येत राहतात आणि बॅकअप-फाइलचं काम सुरुवातीपुरतं न राहता सबंध वेळ चालू शकतं. ती ॲरेबाहेरच्या एसएसडीवर ठेवलीत तर बराच वेळ वाचेल.

पायरी ८: फाइलसिस्टीम वाढवणं

ॲरे १६ टीबीचा झाला तरी फाइलसिस्टीमला ते माहीत नसतं.

रिसाइझ२एफएस /डेव्ह/एमडी०

ईएक्सटी४ चालू असतानाच वाढते. एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ आणि त्यापुढे माउंट केलेल्या फोल्डरचा पत्ता. एक्सएफएस पुन्हा लहान करता येत नाही, हे ध्यानात ठेवा. मध्ये एलव्हीएम (ॲरे आणि फाइलसिस्टीम यांच्यामधला जागा वाटून देणारा थर) असेल तर आधी ‘पीव्हीरिसाइझ’, मग ‘एलव्हीएक्स्टेंड -आर’, जे फाइलसिस्टीमही सोबतच वाढवतं.

‘डीएफ -एच’ मध्ये १६ ऐवजी १५ हा आकडा दिसेल. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, ही कमांड १०२४ च्या. शिवाय ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखते. १६ टीबीवर ती जवळपास ८०० जीबी होते. फक्त डेटा ठेवायच्या ॲरेवर ‘ट्यून२एफएस -एम १’ देऊन ती १ टक्क्यावर आणता येते.

पुढच्या वेळी सहावी डिस्क घालाल तेव्हाचा खड्डा आत्ताच सांगतो. ‘६४बिट’ ही सोय नसलेली जुनी ईएक्सटी४ फाइलसिस्टीम १०२४ च्या मोजणीतल्या १६ टीबीपलीकडे वाढत नाही. ‘ट्यून२एफएस -एल’ मध्ये सोयींच्या यादीत हा शब्द आहे का ते पाहून ठेवा. नसेल तर फाइलसिस्टीम अनमाउंट करून ती बदलावी लागते.

पायरी ९: कागदपत्रं

कॉन्फिग फाइलमध्ये ॲरेच्या ओळीत जुनी डिस्कसंख्या किंवा ‘स्पेअर्स=१’ असेल तर दुरुस्त करा. स्पेअर आता सदस्य झाली आहे, ओळ तशीच राहिली तर ‘स्पेअर हरवली’ असे मेल येत राहतील. बूट होताना वाचली जाणारी या फाइलची प्रतही ताजी व्हावी म्हणून डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, रेड हॅटच्या कुळातल्या सिस्टीमवर ‘ड्रॅकट -एफ’ चालवा, आणि सोयीच्या वेळी एकदा रीबूट करून ॲरे आपसूक उभा राहतो का ते डोळ्यांनी पाहा.

झेडएफएस (स्वतःचंच रेड असलेली फाइलसिस्टीम, जिथे डिस्कांच्या साठ्याला ‘पूल’ म्हणतात) वापरणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे ‘झेडपूल ॲड’ नंतर ‘स्पेअर’ हा शब्द विसरलात, आणि इशारा डावलून जबरदस्ती केलीत, तर एकटी डिस्क पूलचा कायमचा, बिनकवचाचा भाग होते आणि रेडझेड (झेडएफएसचा पॅरिटीवाला प्रकार) असलेल्या पूलमधून ती परत काढता येत नाही. रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवण्याची सोय जानेवारी २०२५ मधल्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये आली. त्यासाठी ‘झेडपूल अटॅच’ लागतं.

आणि पाचवी डिस्क ॲरेत गेली म्हणजे स्टेपनीची जागा रिकामी झाली. पुढची डिस्क त्याच आठवड्यात मागवा, शक्यतो वेगळ्या दुकानातून म्हणजे ती त्याच लॉटमधली नसेल. आली की लाँग चाचणी चालवा, खोक्यावर तारीख आणि सीरियल लिहा, आणि सर्व्हरच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला ते कपाट दाखवून ठेवा.